नळीचा कौल

माझी सगळी नोकरी काचेच्या नळ्यांसमोर बसून गेली. संपादक म्हणाले, तुमच्या धंद्यातले चित्तथरारक अनुभव लिहा. रसायनशाळेत चित्तथरारक काही घडलं तर ते बहुधा आग लागल्यामुळे घडतं, आणि आग लागू न देणं हेच आमचं काम. त्यामुळे थरार माझ्याकडे नाही. माझ्याकडे आहे ती लाज, आणि ती भरपूर आहे.

नातवंडांनी जुन्या गोष्टी विचारल्या की मी बाकीचं सगळं सांगतो आणि लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, दिवसांतली शहापूरची गोष्ट गाळतो. ती काही गुपित नाही. त्या वेळी शहापूर-मुरबाडात ती सगळ्यांना ठाऊक होती. मला तोंडावर कुणी काही बोललं नाही, एवढंच. आज बोलणारे बहुतेक जण उरले नाहीत, म्हणून मीच बोलतो.

लढाई सुरू झाली आणि विलायतेहून येणारी औषधं बंद पडली. रक्ताची आव झालेल्या माणसाला जे हुकमी इंजेक्शन देत तेही मिळेनासं झालं. तेव्हा मुंबईच्या एका औषध कारखान्याला पांढरा कुडा आठवला. आमच्या भागात कुड्याला तोटा नाही. पोट बिघडलं की आमच्याकडची म्हातारी माणसं आजही कुड्याची साल उगाळून देतात. कारखान्याने शहापूरला एक मोठी पत्र्याची शेड भाड्याने घेतली, तिला डेपो असं नाव दिलं आणि शहापूर-मुरबाडच्या डोंगरवाड्यांतून कुड्याची साल घ्यायला सुरुवात केली. मी त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नवा होतो. मूळचा शहापूरजवळचाच, भातशेती करणाऱ्या घरातला, त्यामुळे डेपोवर केमिस्ट म्हणून माझी रवानगी झाली. आईला आनंद झाला, कारण मी घरी जेवायला येऊ लागलो.

अडचण एकच होती. पांढऱ्या कुड्याचा एक भाऊबंद आहे, काळा कुडा. झाड उभं असताना डोंगरातला माणूस दोघांत कधी गफलत करणार नाही. पण साल सोलून, वाळवून, तुकडे करून पोत्यात भरली की भल्याभल्यांना फरक कळत नाही. चघळून बघावं तर पांढऱ्याची साल जास्त कडू; पण चार तुकडे चघळले की जीभच कडू होऊन बसते आणि पुढे पेढासुद्धा कडू लागतो. काळ्या कुड्यात आवेवरचं औषध नाही. ती साल मिसळली गेली तर औषध पांचट होणार आणि कुठल्या तरी दवाखान्यात कुणी तरी दगावणार. म्हणून मिसळ पकडायची पद्धत बसवा, असं मला सांगण्यात आलं.

ती पद्धत म्हणजे नळी. हल्ली या कामाला पंप लावलेली चकाचक यंत्रं आली आहेत, पण मूळ कल्पना तीच. हातभर लांबीची काचेची नळी घ्यायची, खालच्या निमुळत्या टोकाला कापसाचा बोळा बसवायचा, आणि आत एक पांढरी पावडर द्रावकात कालवून अशी भरायची की मध्ये एक बुडबुडा राहता कामा नये. वरून सालीचा अर्क सोडायचा. मग त्याच्या मागोमाग शुद्ध द्रावक ओतत राहायचं. अर्कातली वेगवेगळी द्रव्यं पावडरीला कमीजास्त चिकटतात, म्हणून कमीजास्त वेगाने खाली उतरतात आणि एकमेकांपासून सुटी होतात.

हे मी आईला असं सांगितलं होतं. शहापूरच्या बाजारातून तीन माणसं एकदमच घरी निघाली. एकाला कुणाशी घेणंदेणं नाही, तो सरळ चालत सुटतो. दुसरा दर दुकानापाशी थांबून भाव विचारतो. तिसऱ्याला सोयरे भेटतात. वेशीवर उभं राहून बघितलं तर ही माणसं एकेकटी येताना दिसतील. पावडर म्हणजे बाजार आणि द्रावक म्हणजे घरची ओढ. आई म्हणाली, "मंग तू तिथं वेशीवर बसून लोकं मोजतोस होय रे?" त्याहून चांगली व्याख्या मला पुढे कुठल्याही पुस्तकात सापडली नाही.

पद्धत बसवायला मात्र घाम निघाला. नुसतं स्पिरिट ओतलं तर सगळी द्रव्यं एकत्रच धावत सुटायची. नुसतं बेंझीन ओतलं तर सगळी वरच ठाण मांडून बसायची. शेवटी बेंझीनला स्पिरिटचा जेमतेम वास लावल्यावर मंडळी शिस्तीत चालू लागली. पावडर लढाईमुळे बाहेरून मिळत नव्हती. मग तुरटीच्या पाण्यात सोडा घालून जो पांढरा गाळ बसतो तो मी धुवायचो, वाळवायचो आणि लोखंडी कढईत भाजायचो. हवेत जरा ओल आली की ती पावडर पापडासारखी सादळायची आणि तिची पकड सुटायची. नळी एकदा कोरडी पडली की आतल्या भरावाला तडा गेलाच, आणि त्या तड्यातून सगळं काही भसकन खाली. असे आठवडेच्या आठवडे गेले.

आणि एक दिवस पट्टा दिसला. पांढऱ्या कुड्याचा अर्क सोडला की नळीत वर फक्त मातकट डाग राहायचा. काळ्याची साल मिसळली असली की त्या डागातून एक पिवळा पट्टा सुटायचा आणि हळूहळू, स्वच्छ, सगळ्यांना दिसेल असा खाली उतरत जायचा. त्या पट्ट्यात नेमकं काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण तो हटकून यायचा. मिसळ जास्त तर पट्टा रुंद. शेवटी नळीतल्या पावडरीचा ओला दांडा अलगद पाटावर ढकलून काढायचा आणि त्यावर कुंचल्याने दुसरं एक रसायन फिरवायचं. औषधी द्रव्य जिथे असेल तिथे नारिंगी रंग उमटायचा. तो रंग पहिल्यांदा उमटला तेव्हा मी एकट्यानेच शेडमध्ये टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्यांची मला लाज वाटत नाही. लाजेचं पुढे आहे.

नियम असा होता. एका नळीवर निकाल द्यायचा नाही. पिवळा पट्टा आला तर त्याच पोत्यातून दुसरा नमुना घेऊन दुसरी नळी लावायची. तिथेही आला तर तेवढी पोती परत करायची. तेवढीच. मात्र कुणी जाणूनबुजून मिसळ केली असं उघड झालं, तर त्या वाडीचा माल कायमचा बंद. आमचे मॅनेजर मद्रासकडचे, सज्जन आणि नियमाला पक्के. त्यांना मराठी येत नव्हतं आणि वाडीवाल्यांना मराठीशिवाय काही येत नव्हतं. मधला पूल मी.

सुरुवातीला पोती परत केली की डेपोच्या दारात भांडणं व्हायची. "आमची साल पांढऱ्याचीच हाय, तुमी कशावरून सांगता?" आत कुठे तरी खोलीत बसून एक पोरगा आपली साल खोटी ठरवतो, हे कुणाला पटणार? म्हणून मी नळी उभी धरणारं लाकडी घोडं उचलून बाहेर पडवीत आणलं. म्हटलं, बसा समोर आणि तुमच्या डोळ्यांनी बघा. लोक बसले. पट्टा खाली येऊ लागला. कुणी तरी मागून हळूच म्हणालं, "कौल लावलाय."

आमच्याकडे कौल कसा लावतात ते बाहेरच्यांना सांगायला हवं. गावदेवीच्या शेंदूर लावलेल्या दगडाला पुजारी ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि गाऱ्हाणं घालतो. मग सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी आधी पडली तर एक, डावी आधी पडली तर दुसरं. कौल विरुद्ध गेला तर माणूस वाद घालत नाही. उभा राहतो, सगळ्यांसमक्ष कबूल करतो, नारळ फोडतो, कोंबडा देतो, सगळे मिळून जेवतात आणि विषय मिटतो. मिटतो म्हणजे पुढे जन्मात कुणी तो काढायचा नाही. माझ्या चुलत्याने बांध कोरल्याचं असंच मिटलं होतं. मी त्या जेवणात दोनदा वाढून घेतलं होतं.

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. "हा कौल नाही, हे रसायन आहे" असं त्याच क्षणी म्हणणं माझं काम होतं. पण दारातली भांडणं बंद झाली होती, आणि खरं सांगायचं तर मला आवडलं होतं. चपला बाहेर काढा हे मी धुळीसाठी सांगत होतो; लोक देवळात काढतात तशा काढू लागले आणि मी त्यांना धुळीचं कारण सांगितलं नाही. बोलू नका हे मी माझं लक्ष विचलित होऊ नये म्हणून सांगत होतो. ते हात जोडून गप्प बसू लागले. द्रावक ओतताना मी उगाचच जरा जास्त सावकाश ओतायला लागलो. जानवं नसलेला हा नवा पुजारी बघायला बाजारच्या दिवशी गर्दी व्हायची.

गिऱ्हाइकंही भलभलती येऊ लागली. एक बाई सासूने दिलेलं तूप घेऊन आली. तिला तुपाची परीक्षा नको होती, सासूची हवी होती. एका हिंगवाल्याने शेजारच्या हिंगवाल्याचा हिंग आणला. तानसाकडचा एक जण बैल हरवला म्हणून आला आणि म्हणाला, "नळीला इचारा, कोनच्या रानात गेलाय." मी हसून त्याला परत पाठवला. हसलो, पण नळीला हे कळत नाही असं काही ठासून सांगितलं नाही. बैल दोन दिवसांनी आपोआप घरी आला आणि त्याचं श्रेयही नळीला मिळालं.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीचा मुकादम होता धावजी. पन्नाशीचा, काटक, बोलायला कमी. त्याच्या वाडीची साल इतकी चांगली यायची की मी नवीन पावडर तपासायला तीच वापरायचो. ती वाडी म्हणजे थोडी नाचणी, थोडं भात, आणि उरलेलं वर्ष कसंबसं. लढाईत सगळंच महाग झालं होतं, आणि कुड्याच्या सालीमुळे त्या वाडीला उन्हाळ्यात पहिल्यांदाच घरी बसून पोटाला मिळत होतं. एरवी वाडीतली निम्मी माणसं वीटभट्टीवर जायची. बायका मला सांगायच्या, औंदा पोरं घरात हायत.

एका बाजारच्या दिवशी धावजीच्या पोत्यातला अर्क मी नळीत सोडला. पडवी भरलेली होती. मॅनेजर खुर्ची टाकून मागे बसले होते. मी नेहमीसारखा सावकाश द्रावक ओतत होतो, आणि मातकट डागातून पिवळा पट्टा सुटला.

मला वाटलं भराव बिघडला असेल. धावजीच्या सालीत मिसळ असणार नाही, असं मी मनाशी म्हणालो आणि दुसऱ्या नळीसाठी हात पुढे केला. नियमाप्रमाणे दुसरी नळी लावायचीच होती. पण तोवर धावजी उभा राहिला होता. त्याने नळीला हात जोडले.

"हाय," तो म्हणाला. "आमी घातली काळ्याची साल. जवळचा पांढरा कुडा सोलून संपला. वर गडाच्या अंगाला हाय, पन तिथवर बायांना चढवत नाय. म्हनून चार वाटे पांढरी नि एक वाटा काळी, असं घातलं. मीच सांगलं घालायला. बायांचा दोष नाय."

सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, कौल लागल्यावर असतं तसं. आता नारळ, आता कोंबडा, आता मिटलं.

मागून मॅनेजरांनी इंग्रजीत विचारलं, "तो काय म्हणतोय?"

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. मी म्हणू शकलो असतो की तो नळीला नमस्कार करतोय. ते खोटंही नव्हतं. मी म्हणू शकलो असतो की आधी दुसरी नळी लावू, मग बोलू. पण माझ्या डोक्यात त्या वेळी काय होतं ते सांगतो. माझ्या डोक्यात पट्ट्याची रुंदी होती. ती बघून मी मनात मिसळीचा अंदाज बांधला होता, पाचातला एक वाटा, आणि तेच धावजी तोंडाने सांगत होता. इतके दिवस पट्ट्याची रुंदी मी स्वतः केलेल्या मिसळीवरच पडताळत होतो; बाहेरच्या पोत्यांत मिसळ किती ते कुणी कधी सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा परक्या माणसाने केलेली मिसळ नळीने अचूक ओळखली होती आणि तो माणूस समोर उभा राहून साक्ष देत होता. पद्धत बसवणाऱ्याला यापेक्षा मोठं सुख नाही. मी आनंदाने फुलून गेलो आणि धावजीचं बोलणं शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. वाट्यांचं प्रमाण तर दोनदा सांगितलं.

धावजी माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं मी त्याची कबुली देवाच्या दरबारात नीट पोचवतोय.

मॅनेजरांनी मान हलवली आणि ते आत गेले. जाणूनबुजून केलेली मिसळ, कबुलीसकट. त्या वाडीचा माल कायमचा बंद, असा हुकूम संध्याकाळच्या आत निघाला. मी तो धावजीला सांगितला नाही. तो केव्हाच वाटेला लागला होता, आणि मला तेवढं निमित्त पुरलं.

पुढच्या बाजारी धावजी आला तो एक नारळ, एक कोंबडा आणि वाडीतली चार माणसं घेऊन. तो असा येणार हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मी काही योजलेलं नव्हतं. त्यांनी नळीच्या घोड्यापुढे जमीन सारवली, नारळ फोडला आणि त्याची एक वाटी माझ्या हातात दिली. मी ती घेतली. शेडच्या मागे चूल पेटली. मॅनेजर शाकाहारी, ते त्या बाजूला फिरकले नाहीत. मी मात्र पंगतीत बसलो. जेवताना प्रत्येक घासाला वाटत होतं की आता सांगावं, आता सांगावं. हात धुताना धावजीने विचारलं, "मंग येत्या बाजारी साल आनू ना?"

मी म्हणालो, "वरून हुकूम यायचा आहे."

तो जरा चकित झाला. "कौल मिटला ना? देवाच्या वर आनखी कोन हाय?"

मी चूळ भरत राहिलो. तोंडात पाणी असलं की बोलावं लागत नाही.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने भाकरी थापणं थांबवलं नाही, पण तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "कौल लावतो त्याला माफी देता आली पायजे. तुला माफी देता येत नाय, तं कौल लावायला कुनी सांगलं होतं?"

"मी लावला नाही, लोकांनी मानला," मी म्हणालो.

"नि तू मानू दिलास," ती म्हणाली. "वर कोंबडा खाऊन आलास."

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरांकडे गेलो. सांगितलं की त्या माणसाने खरं बोलायची गरज नव्हती. तो गप्प राहिला असता तर दुसऱ्या नळीनंतर फक्त त्याची पोती परत गेली असती. खरं बोलला म्हणून त्याची वाडी बुडते आहे. मॅनेजरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, "दवाखान्यात रक्ताची आव झालेली पोरं आहेत. त्यांच्या पोटात तुमच्या त्या प्रामाणिक माणसाची काळी साल जाणार होती. मी कुणाची बाजू घेऊ?" मॅनेजर चुकले असं मला कधी वाटलं नाही, आणि त्यामुळेच मला सगळी लाज एकट्यालाच पुरवून खावी लागली.

वाडीचा माल बंद झाल्याची बातमी डेपोवर पसरायला वेळ लागला नाही. त्या आठवड्यात मुरबाडकडच्या दुसऱ्या एका वाडीच्या सालीत पिवळा पट्टा आला. तिचा मुकादम चपला पायात ठेवूनच पडवीत बसला होता. पट्टा खाली उतरला तसा तो म्हणाला, "आमाला काय माहीत नाय. पोत्यात कुनी घातलं आसंल." मी दुसरी नळी लावली, पट्टा पुन्हा आला, तेवढी पोती परत गेली. सगळं नियमाप्रमाणे झालं. पडवीत कुणी हात जोडले नाहीत. त्या दिवसापासून डेपो बंद होईपर्यंत त्या पडवीत एकाही माणसाने खरं सांगितलं नाही. मॅनेजरांना हे जास्त सोयीचं वाटलं. आणि माझी नळी, जिचा मला एवढा गर्व, ती आता खरोखरच नुसती नळी झाली. मला हवं ते हेच होतं, असं मी म्हणायला हवं होतं.

धावजीला अजून नीट काही कळलेलं नव्हतं. निरोप धाडता आला असता, पण आई म्हणाली, "जेवलास त्याच्याकडं, तं तोंडानं सांग जा." मुरबाडपर्यंत कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या लॉरीत बसून गेलो, पुढे पायी. सिद्धगडाची भिंत समोर दिसत होती. वाटेत जी कुड्याची झाडं लागली ती कमरेपर्यंत सोललेली होती.

वाडीत पोचलो तर धावजीच्या अंगणात साल पसरलेली. सगळं अंगण, शेजारचं अंगण, दगडी ओट्यावर, छपरावर. बायका ती उलटीपालटी करत होत्या. मी एक तुकडा उचलून दातांखाली धरला. इतका कडू की डोळ्यांत पाणी आलं. धावजी पुढे आला, त्याच्या पायाला चिंधी बांधलेली होती.

"वर गडाच्या अंगाला गेलतो सगळी," तो म्हणाला. "एकपन काळी नाय यात. कौल मिटला, आता परत चूक नको. बाया पन चढल्या."

एका बाईचे गुडघे खरचटलेले होते. तिने ते लुगड्याने झाकून घेतले.

मी सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, कारण त्यांनी पुढे केलेल्या घोंगडीवर बसायची मला लाज वाटली. म्हणालो, तुमची साल आता डेपो घेणार नाही. ही पण नाही, पुढची पण नाही. तुम्ही कबूल केलंत म्हणून. कबूल केलंत ते मीच साहेबाला सांगितलं. ती नळी कौल नाही, कधीच नव्हती, आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग त्या गुडघे खरचटलेल्या बाईने विचारलं, "मंग नारळ कशाला घेतलास?"

धावजीने तिला हाताने गप्प केलं. तो सालीच्या ढिगाजवळ बसला, एक तुकडा हातात घेऊन मोडत राहिला. मला वाटलं आता हा उठेल आणि मला वाडीबाहेर काढेल. मी त्याची वाटच बघत होतो. तो आपल्या माणसांकडे वळून म्हणाला, "त्याच्यावर रागावू नका गो. नळीतला देव नवा हाय, लहान हाय. साहेबापुढं त्याचं काय चालत नाय."

हे तो मला वाचवायला म्हणाला नाही. त्याला खरंच तसं वाटलं होतं. सगळ्या वाडीने माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता. मारकुट्या मालकाच्या गड्याकडे लोक बघतात तसं ते माझ्याकडे बघत होते.

"लांबून आलास बाळा," धावजी म्हणाला. "बस. भाकर खाऊन जा." त्याने हाक मारली तशी ती बाईच आतून भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण घेऊन आली. माझ्या पुढ्यात ठेवलं आणि पाठ न फिरवता उभी राहिली. वीटभट्टीवर कधी निघायचं, आधी कुणी जायचं, पोरांना कुठं ठेवायचं, याचं बोलणं तिथेच, माझ्यासमोर सुरू झालं. मी मान खाली घालून जेवत होतो. त्या अंगणात एकाने तरी मला शिवी द्यायला हवी होती. त्यांनी विचारलं, आनखी भाकर वाढू का.